प्लॉट नोंदवला, मग कंटेनर निघाला: नाशिकचं द्राक्ष जगाच्या बाजारात कसं गेलं

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराला डिसेंबरात विचारा, "यंदा एक्स्पोर्ट आहे का?" तो बहुधा हो-नाही म्हणणार नाही. म्हणेल, "दोन प्लॉट नोंदवलेत." म्हणजे कृषी विभागाकडे बागेची नोंदणी झाली, नंबर मिळाला, आता रेसिड्यूचा, म्हणजे मण्यात राहिलेल्या औषधांच्या अवशेषांचा, रिपोर्ट काय येतो ते बघायचं. साखर किती उतरली, मणी किती एमएमचा झाला, हे प्रश्नही आहेतच. पण नोंदणी नसेल तर ते विचारायला कोणी एक्स्पोर्टर बागेत येत नाही.

एखादा ग्रामीण भाग जागतिक अर्थव्यवस्थेशी जोडला जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला मला या उत्तराइतकी सोयीची जागा दुसरी दिसत नाही. आपल्याकडे ही गोष्ट साधारणपणे दिल्लीपासून सांगितली जाते. १९९१ साली देश अडचणीत आला, रुपयाचं अवमूल्यन झालं, परवाना राज सैल झालं, निर्यात सोपी झाली. सगळं खरं. पण ते धोरण नाशिकला जितकं लागू होतं तितकंच बाकीच्या देशालाही होतं. मग युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचे कंटेनर मुख्यतः याच भागातून का भरायला लागले?

हवामान, काळी-मुरमाड जमीन, जवळ आलेलं न्हावा शेवा बंदर (ते १९८९ मध्ये सुरू झालं) ही कारणं आहेतच. शिवाय १९६० पासून काम करणारा महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ होता, म्हणजे अनुभवांची देवाणघेवाण करणारे शेतकरी आधीपासून एकत्र होते. पण नुसती अनुकूलता असलेले प्रदेश देशात पुष्कळ आहेत. इथे फरक पडला तो तालुका-जिल्हा पातळीवर हळूहळू बदलत गेलेल्या काही व्यवस्थांमुळे. त्यातल्या बहुतेकांना कधी पहिल्या पानावर जागा मिळाली नाही.

पाण्यापासून सुरुवात करू. कालव्याच्या पाण्याचा जुना हिशोब असा: पाटबंधारे खातं पिकानुसार आणि क्षेत्रानुसार पाणी मंजूर करणार, पाणीपट्टीही त्याच मापाने लावणार. कालव्याच्या मुखाजवळच्या शेतकऱ्याला भरपूर पाणी, आणि शेवटच्या टोकाच्या, म्हणजे 'टेल'च्या शेतकऱ्याला नुसता कोरडा चर. द्राक्षबाग उभी करायला लोखंडी अँगल, तारा, ठिबक, रोपं असा मोठा खर्च आधी करावा लागतो आणि बाग पुढे पंधरा-वीस वर्षं जगवायची असते. पाणी येईलच असा भरवसा नसेल तर शहाणा माणूस हा खर्च करत नाही, आणि बँकही त्याला कर्ज देताना हात आखडता घेते.

नाशिकजवळच्या ओझर भागात, वाघाड धरणाच्या कालव्यावर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यामागे बापू उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राचे कार्यकर्ते होते. कल्पना साधी होती. खात्याने संस्थेला दारावर मोजून पाणी द्यायचं, घनमीटरमध्ये. आत ते कसं वाटायचं हे संस्थेने ठरवायचं, पाणीपट्टीही तिनेच गोळा करायची. वाटप टेलकडून मुखाकडे करायचं, म्हणजे शेवटच्या माणसाचं रान आधी भिजणार. आणि पीक कोणतं घ्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. हा शेवटचा मुद्दा दिसायला लहान, पण सगळ्यात महत्त्वाचा. पाण्याचा कोटा ठरलेला आणि पिकाची मुभा, असं झालं की माणूस आपोआप कमी पाण्यात जास्त पैसे देणाऱ्या पिकाकडे वळतो. ठिबक आलं, विहिरींना पाझराचं पाणी मिळालं, द्राक्ष आणि भाजीपाला वाढला. पुढे २००५ मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदाच केला. कायदा आला तोवर गावं पंधराएक वर्षं तेच करून बसली होती. आपल्याकडच्या चांगल्या सुधारणा बऱ्याचदा अशाच येतात, आधी बांधावर आणि मग राजपत्रात.

दुसरा प्रश्न एकत्र येण्याचा. एका शेतकऱ्याची दोन-तीन एकर बाग. वातानुकूलित कंटेनरमध्ये साधारण बारा-तेरा टन माल मावतो, तोही एकाच दर्जाचा, एकाच वेळी काढलेला, काढल्यापासून काही तासांत थंड केलेला. द्राक्ष तोडल्यावर त्याच्या आतली उष्णता लवकर बाहेर काढली नाही तर देठ वाळतो आणि तीन-चार आठवड्यांच्या समुद्रप्रवासात घडाची रया जाते. त्यासाठी लागणारं प्री-कूलिंग आणि शीतगृह एकट्याच्या आवाक्यातलं नाही. म्हणून १९९१ मध्ये महाग्रेप्स उभी राहिली. ठिकठिकाणच्या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून केलेली ही भागीदारी संस्था. तिला राज्याच्या कृषी पणन मंडळाचा, राष्ट्रीय सहकार विकास निगमाचा आणि अपेडाचा (केंद्र सरकारचं शेतमाल निर्यात प्राधिकरण) हातभार होता. बाग शेतकऱ्याची, पॅकहाऊस स्थानिक सहकारी संस्थेचं, आणि परदेशातला खरेदीदार शोधणं, खोकी-पॅकिंग साहित्य पुरवणं, कागदपत्रं करणं महाग्रेप्सकडे, अशी वाटणी होती. सुरुवातीच्या वर्षांत माल नाकारला जाण्याचे प्रसंग आले, काही संस्था गळाल्या. पण रंग, आकार, देठ, पॅकिंग यांबद्दल युरोपचं गिऱ्हाईक काय मागतं, हे शिकलेली माणसं जिल्ह्यात तयार झाली, आणि ती पुढे खासगी निर्यातदारांकडेही गेली.

सहकारी संस्थेची एक अडचण सगळ्यांना माहीत आहे. निवडणुका, तालुक्याचं राजकारण आणि निबंधकांचा वचक यांत धंदा मागे पडतो. यावर २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनी हा प्रकार आला. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून हे झालं. किमान दहा शेतकरी एकत्र येऊन कंपनी काढू शकतात, सभासद फक्त उत्पादकच, आणि शेअर कितीही असले तरी एका माणसाला एकच मत. कारभार मात्र कंपनीसारखा, व्यावसायिक व्यवस्थापक नेमून.

दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स याच कायद्याखाली वाढली. विलास शिंदे यांनी २०१० च्या सुमारास काही शेतकऱ्यांना घेऊन ती सुरू केली. आज देशातून द्राक्ष निर्यात करणाऱ्या सर्वात मोठ्या नावांत ती आहे. इथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. उत्पादक कंपनीत बाहेरच्या गुंतवणूकदाराला शेअर घेता येत नाही, कायद्याने मनाई आहे. मग मोठं भांडवल आणायचं कुठून? सह्याद्रीने काढणीपश्चात प्रक्रियेसाठी वेगळी कंपनी केली, तिची मालकी मुख्यतः शेतकऱ्यांच्या कंपनीकडे ठेवली, आणि २०२२ मध्ये त्या कंपनीत चार युरोपीय गुंतवणूक संस्थांनी मिळून ३१० कोटी रुपये घातले. आपण नेहमी उलट क्रम ऐकतो: आधी परदेशी भांडवल येतं, मग भाग सुधारतो. इथे शेतकऱ्यांची घडी बसल्यावर, माल जायला लागून बरीच वर्षं झाल्यावर भांडवल आलं.

बाजार समिती कायद्याबद्दलही बोलायला हवं, कारण सुधारणा म्हटलं की पहिलं नाव त्याचंच निघतं. १९६३ च्या कायद्याने शेतमालाची खरेदी-विक्री बाजार समितीच्या नियंत्रणाखाली आली. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याने काटा मारू नये, उघड लिलाव व्हावा. पुढे तीच चौकट थेट खरेदी करू पाहणाऱ्याला अडसर ठरली. राज्याने २००० च्या दशकाच्या मध्यावर कायदा बदलून थेट पणनाचे परवाने आणि खासगी बाजारांना वाट दिली, आणि जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला समितीच्या बंधनातून मोकळा केला. याचा फायदा झाला नाही असं नाही. पण माझ्या मते द्राक्षाच्या बाबतीत या बदलाला जरा जास्तच श्रेय दिलं जातं. द्राक्षाचा सौदा कायदा बदलण्याआधीही बऱ्याच अंशी बागेतच होत होता. व्यापारी येऊन बाग बघणार, दर ठरवणार, मजूर लावून माल उतरवणार. कायद्याने चालत्या व्यवहाराला अधिकृत केलं, त्यातली जोखीम मात्र तशीच राहिली. तिच्याकडे पुढे येतोच.

आता नोंदणीकडे. गावातल्या किराणा दुकानात उधारी चालते, कारण दुकानदार घर ओळखतो, बाप ओळखतो. रॉटरडॅमच्या आयातदाराला निफाडमधलं कोणीच माहीत नाही. त्याला ओळखीच्या जागी काहीतरी कागदावरचं हवं असतं, आणि ते खोटं निघालं तर नेमकं कोणाला धरायचं हेही कळायला हवं असतं.

२००३ मध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले, नेदरलँड्सकडून इशारा आला आणि युरोपभर बोंब झाली. तोवरची पद्धत अशी की माल बंदरावर जाईपर्यंत तो कोणत्या बागेतला हे खोक्यावरून सांगता येत नसे. एकाच्या चुकीने सगळ्यांचा माल संशयित. मग अपेडाने अवशेष नियंत्रण कार्यक्रम आखला. १९९७ पासून पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेला राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचं काम दिलं गेलं, आणि २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणक प्रणाली सुरू झाली.

तिचं काम समजून घ्या, कारण सगळी मेख त्यात आहे. शेतकरी सातबारा आणि बागेचा नकाशा घेऊन कृषी विभागाकडे प्लॉट नोंदवतो. प्लॉटला एकमेव नंबर मिळतो. हंगामभर काय फवारलं, कधी फवारलं, काढणीच्या किती दिवस आधी थांबलं, याची वही ठेवावी लागते आणि कृषी खात्याचा माणूस येऊन पाहणी करतो. काढणीच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन वेगवेगळ्या ओळींतून घड काढून नमुना घेतो. शेतकऱ्याने नेऊन दिलेला नमुना चालत नाही. दीडशेहून अधिक रसायनांसाठी तपासणी होते. रिपोर्ट थेट प्रणालीत चढतो. एखाद्या रसायनाने मर्यादा ओलांडली की त्या प्लॉटला लाल झेंडा लागतो, आणि त्या नंबरचा माल पुढे कोणत्याही पॅकहाऊसच्या नावाने युरोपसाठी निघूच शकत नाही. पास झालेल्या मालाच्या पेटीवरचे नंबर मागे नेत नेत तुम्ही थेट बागेपर्यंत पोचू शकता.

याने नेमकं काय बदललं? दोष एकट्याचा झाला. आधी एका बागेतल्या चुकीची किंमत अख्खा जिल्हा मोजत होता, आता ती त्या प्लॉटपुरती राहिली. आणि उलट बाजूने, नीट काम करणाऱ्या लहान शेतकऱ्याला ते सिद्ध करायची सोय झाली. त्याची दीड एकराची बाग आणि पन्नास एकरवाल्याची बाग प्रयोगशाळेच्या यंत्रासमोर सारखीच.

व्यवस्था उभी राहिली म्हणजे संकट टळलं असं मात्र झालं नाही. २०१० च्या हंगामात युरोपातल्या तपासणीत क्लोरमेक्वॅट क्लोराइड सापडलं. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. एप्रिल छाटणीनंतर वेल नुसताच फोफावू नये, काडीत घड धरावा, म्हणून ते वापरत. त्यानंतर ऑक्टोबरात पुन्हा छाटणी, आणि द्राक्ष काढायला फेब्रुवारी उजाडतो. उन्हाळ्यात मारलेलं औषध पुढच्या फेब्रुवारीच्या मण्यात उतरेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण हे रसायन वेलीच्या लाकडात साठून राहतं. शिवाय ते आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं, म्हणून इथले रिपोर्ट स्वच्छ आले होते. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. हिशोब केला तर अख्ख्या कंटेनरभर द्राक्षांत मिळून एक ग्रॅमदेखील चालणार नव्हतं. सुपरमार्केटांनी माल नाकारला, निर्यातदार आणि शेतकरी दोघेही बुडाले, भरपाई कोणी द्यायची यावरून वाद झाला. यादीत नसलेल्या रसायनासाठी शेतकऱ्याला दोष देणं अन्यायाचं होतं, असं मला आजही वाटतं. तिकडचे नियम वाचून ते गावापर्यंत आणणं हे ज्यांचं काम होतं त्यांच्याकडून ते झालं नाही.

पण संकटाआधी नंबर लागलेले होते, वह्या होत्या, प्रयोगशाळा होती. त्यामुळे पुढच्या हंगामासाठी काय दुरुस्त करायचं हे कळलं. सीसीसी तपासणीत आलं आणि यादी त्यानंतर लांबत गेली. ज्या भागात अशी घडी नसते तिथे असा एकच फटका धंदा कायमचा बंद पाडतो.

आज चित्र काय? २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षं बाहेर गेली, किंमत ३,४६० कोटी रुपयांच्या घरात. त्यातला बहुतांश माल महाराष्ट्राचा, आणि त्यात नाशिकचा वाटा सर्वात मोठा. तरीही हे लक्षात ठेवा की देशात पिकणाऱ्या द्राक्षांच्या मानाने हा साधारण दहावा हिस्सा आहे. बाकीचं देशातच खपतं. सांगलीकडे तासगाव भागात तर बेदाण्याचा स्वतंत्र संसार आहे. पण निर्यातीचा परिणाम तिच्या टनांपेक्षा मोठा असतो. एक्स्पोर्टसाठी शिकलेली विरळणी (घडातले जादा मणी काढणं), औषधं थांबवायचे दिवस, घड झाकण्याची पद्धत गल्लीतल्या ग्राहकाच्या मालातही उतरते.

जगाशी जोडलं जाण्याचं ओझंही आहेच. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनमधून जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. प्रवास लांबला, भाडं वाढलं. येमेनमधल्या घडामोडीचा दर पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये कळला. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं की इकडे दर उतरतो. युरोपात चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिकेचं द्राक्ष व्यापार करारांमुळे शुल्काविना उतरत आलं, आपल्या मालावर मात्र वर्षानुवर्षं शुल्क बसत राहिलं. नव्या रंगीत, बिनबियांच्या, पेटंट असलेल्या जातींतही आपण मागे राहिलो. सह्याद्रीने 'आरा' जाती आणल्या, पण पेरूने मुसंडी मारल्यानंतर. यातलं काहीच तालुक्याच्या हातात नाही. स्थानिक सुधारणेची ही मर्यादा मान्य करायला हवी, करार दिल्लीतच होतात.

पण दोन गोष्टी तालुक्याच्या, निदान जिल्ह्याच्या हातात आहेत आणि त्या अजून झालेल्या नाहीत.

पहिली पैशांची. दर हंगामानंतर नाशिकमध्ये तीच बातमी येते: परराज्यातला व्यापारी लाखोंचा माल उचलून पसार, फोन बंद, चेक वटला नाही. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा तक्रारींवर खास मोहीम घेतली तेव्हा बुडालेले काही कोटी वसूलही झाले. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. पण एका अधिकाऱ्याच्या मोहिमेवर चालणारी गोष्ट व्यवस्था नसते, तो अधिकारी बदलून गेला की संपते. दोन कोटी भागांतला एक भाग रसायनही शोधणारी यंत्रणा आपण उभारली, आणि बागेत उभा राहून लाखांचा सौदा करणाऱ्या माणसाचं नाव-गाव खरं आहे का हे तपासायची सोय नाही. प्लॉटला नंबर आहे, व्यापाऱ्याला नाही. खरेदीदाराची नोंदणी आणि बँक हमी सक्तीची करायची मागणी बागायतदार वर्षानुवर्षं करत आहेत. बाजार समितीच्या जोखडातून माल मोकळा करताना तिथली एकमेव चांगली गोष्ट, म्हणजे आडत्याने पैसे बुडवले तर दाद मागायला एक दार असणं, तीही सुटून गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

दुसरी गोष्ट मजुरांची. छाटणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी, काढणी या कामांना पेठ, सुरगाणा, कळवण भागातून आदिवासी मजुरांच्या टोळ्या येतात. काम बहुतेक उक्तं, एकरी दर ठरवून, मुकादमामार्फत. युरोपचे खरेदीदार आता मजुरांची राहणी, मजुरी, पिण्याचं पाणी, फवारणीवेळची सुरक्षा याबद्दलही प्रमाणपत्रं मागतात. पॅकहाऊसमध्ये त्याची अंमलबजावणी दिसते: टोप्या, हातमोजे, हजेरी. बागेतल्या टोळीपर्यंत ती क्वचितच पोचते. आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो दुसऱ्याची बाग वाट्याने किंवा तोंडी खंडाने करतो, तो प्लॉट नोंदवू शकत नाही. त्याचा माल चांगला असला तरी मिळेल त्या व्यापाऱ्याला द्यावा लागतो.

सुरगाण्यात आता स्ट्रॉबेरी पिकते. तिचा बराचसा माल सापुताऱ्याच्या रस्त्याकडेला पर्यटकांना विकला जातो. मोहाडीच्या मोठ्या पॅकहाऊसपासून हा भाग गाडीने दोन-अडीच तासांच्या पलीकडे नाही. तिथल्या शेतकऱ्यांकडे जमिनीचा स्वच्छ कागद, डोंगरात अडवलेलं पाणी, दहा जणांची कंपनी आणि तोडल्यावर लगेच माल थंड करायची एक खोली, एवढं झालं तर पुढचं शिकायला त्यांना कॅलिफोर्नियाला जावं लागणार नाही. द्राक्षाच्या बागांत दर हंगामाला काम करून त्यांच्यातल्या अनेकांनी विरळणीपासून पॅकिंगपर्यंत सगळं आधीच पाहिलेलं आहे.